हत्येविषयी पात्रांना काय वाटते: दोन आयरिश कथा ताडून पाहण्याची एक रीत

दोन कथा समोर ठेवून ‘माणूस मारण्याविषयी या कथांतील पात्रांच्या भावना कशा वेगळ्या आहेत’ असा प्रश्न विचारला, की बहुतेक उत्तरे एकाच वाटेने जातात. पहिल्या कथेतील पात्र निष्ठुर आहे, दुसऱ्या कथेतील हळवे आहे, शेवटी दोघांनाही पश्चात्ताप होतो आणि युद्ध वाईट असते, असे चार परिच्छेद लिहून विद्यार्थी मोकळा होतो. या उत्तरात धडधडीत खोटे काही नसते. परंतु कथा न वाचता, केवळ तिचा सारांश वाचूनही ते लिहिता येते. येथे सुचवलेली रीत याहून थोडी कष्टाची आहे. पात्राच्या भावनेला नाव देण्याची घाई न करता, ती भावना केव्हा उपजली, कशामुळे उपजली आणि किती वेळ टिकली, हे आधी संहितेत शोधावे आणि तुलना त्या नोंदींची करावी.

उदाहरणासाठी लियम ओ’फ्लॅहर्टी यांची ‘द स्नायपर’ आणि फ्रँक ओ’कॉनर यांची ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’ या दोन कथा घेतल्या आहेत. दोन्ही इंग्रजीत लिहिलेल्या, दोन्ही आयर्लंडमधील आणि अवघ्या काही वर्षांच्या अंतराने घडणाऱ्या. तुलनेसाठी कथांची जोडी निवडताना त्यांच्यात पुरेसे साम्य असणे आवश्यक असते. नाही तर फरक आपोआप दिसतो आणि तो दाखवण्यात काही कौशल्य उरत नाही. रिचर्ड कॉनेल यांची ‘द मोस्ट डेंजरस गेम’ ही १९२४ सालची कथा अशा प्रश्नांसाठी सोयीची वाटते, पण तिच्यात छंद म्हणून माणसांची शिकार करणारा जनरल झारॉफ आहे, आणि त्याला युद्धातील सैनिकाशेजारी बसवले की उत्तर प्रश्नाआधीच ठरते. येथे मात्र दोन्ही कथांत मारणारे तरुण एकाच आयरिश स्वातंत्र्यलढ्याच्या फळीतून आलेले आहेत, दोघेही स्वतःला सैनिक समजतात, आणि कोणीही केवळ हौस म्हणून गोळी झाडत नाही.

पार्श्वभूमी किती द्यावी

जितकी माहिती नसली तर वाचकाला मारण्याचे कारणच समजणार नाही, तितकीच पार्श्वभूमी द्यावी. ब्रिटिश सत्तेविरुद्धचे आयरिश स्वातंत्र्ययुद्ध १९१९ ते १९२१ या काळात झाले. ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’ त्या युद्धात घडते: आयरिश स्वयंसेवकांच्या ताब्यात दोन इंग्रज सैनिक आहेत, आणि इंग्रजांनी आपल्या कैद्यांना गोळ्या घातल्यास बदल्यात मारण्यासाठी त्यांना ओलीस ठेवलेले आहे. डिसेंबर १९२१ मध्ये ब्रिटिश सरकारशी तह झाला आणि त्या तहावरून आयरिश सेनेतच फूट पडली. तह मान्य करणारे फ्री स्टेटचे सैन्य आणि तो नाकारणारे रिपब्लिकन एकमेकांवर उलटले. २८ जून १९२२ रोजी डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत ठाण मांडलेल्या रिपब्लिकनांवर फ्री स्टेटच्या तोफा सुरू झाल्या, आणि ‘द स्नायपर’ नेमक्या त्याच दिवसांतील एका रात्री, ओ’कॉनेल पुलाजवळच्या एका छतावर दबा धरून बसलेल्या एका रिपब्लिकन नेमबाजाभोवती घडते. म्हणजे पहिल्या युद्धातील शत्रू परका आहे, दुसऱ्यातील शत्रू कालपर्यंत आपल्याच तुकडीत होता. वाचकाची अपेक्षा अशी, की परक्याला मारणे सोपे जावे आणि आपल्याला मारणे अवघड. या दोन कथांत नेमके उलटे घडते, आणि उत्तराचा पहिला परिच्छेद या उलट्यापणापासून सुरू केला तर पुढची मांडणी आपोआप उभी राहते.

हत्या मोजाव्यात, मग प्रत्येकीचे तीन भाग करावेत

पहिल्या वाचनात काहीही खरडू नये. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन फक्त हत्यांच्या जागा खुणावाव्यात. हे काम यांत्रिक वाटते, परंतु त्यातून बरेच काही हाती लागते. अनेक वाचकांना ‘द स्नायपर’मध्ये एकच हत्या आठवते, ती शेवटची. प्रत्यक्षात तीन आहेत. चिलखती गाडीच्या बुरुजातून डोके वर काढणारा सैनिक ही पहिली. त्याला छताकडे बोट दाखवणारी, डोक्यावरून फाटकी शाल घेतलेली म्हातारी ही दुसरी. आणि समोरच्या छतावरचा शत्रूचा नेमबाज ही तिसरी. ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’मध्ये मरणारे दोन आहेत, हॉकिन्स आणि बेल्चर हे इंग्रज कैदी, पण गोळ्या तीन आहेत. हॉकिन्सवर पहिली गोळी आयरिश स्वयंसेवकांपैकी जेरमाया डॉनव्हन झाडतो, ती पुरेशी पडत नाही म्हणून दुसरी गोळी कथेचा निवेदक आणि पहारेकरी बोनापार्ट झाडतो, आणि बेल्चरला पुन्हा डॉनव्हनच मारतो.

आता वहीच्या पानावर तीन उभे रकाने पाडून प्रत्येक हत्येच्या आधी, हत्येच्या क्षणी आणि हत्येनंतर पात्राविषयी संहितेत जे काही आले असेल ते तेथे टिपावे. अनुमान लिहू नये. हालचाल, शब्द, शरीराची अवस्था, डोळे कोठे आहेत, एवढेच लिहावे. जो रकाना रिकामा राहील तो रिकामाच ठेवावा.

‘द स्नायपर’च्या पहिल्या दोन हत्यांचा तिसरा रकाना संपूर्ण रिकामा राहतो. बुरुज उघडतो, डोके दिसते, गोळी सुटते, डोके बुरुजाच्या कडेवर आदळते. म्हातारी गल्लीकडे धावते, पुन्हा गोळी सुटते, ती गिरकी घेऊन किंचाळत गटारात पडते. वाक्ये लहान आहेत, एकामागून एक येतात, आणि त्यांच्यामध्ये नेमबाजाच्या मनासाठी ओळभरही जागा नाही. लगेच समोरच्या छतावरून गोळी येते, त्याच्या उजव्या हाताला लागते, आणि कथा पुढे धावते. येथे विद्यार्थी ‘तो निर्दय आहे’ असे लिहून टाकतो. माझ्या मते इतके म्हणण्याचा अधिकार संहिता देत नाही. ती एवढेच दाखवते, की भावनेला लागणारा वेळच त्याला मिळालेला नाही. कथेच्या आरंभी त्याचा चेहरा विद्यार्थ्याचा, कृश आणि विरक्त आहे, डोळ्यांत ध्येयवेड्याची थंड चमक आहे आणि ते मरण पाहण्याला सरावलेले आहेत, असे निवेदकाने सांगून ठेवले आहे. ही नोंद ‘आधी’च्या रकान्यात येते. रिकाम्या तिसऱ्या रकान्याशेजारी ती ठेवली म्हणजे ‘सराव’ हा शब्द ‘निर्दयपणा’पेक्षा अधिक नेमका ठरतो.

तिसऱ्या हत्येचा रकाना मात्र भरून वाहतो, आणि तो सावकाश वाचण्याजोगा आहे. जखमी नेमबाज बंदुकीच्या टोकावर टोपी ठेवून ती कठड्यावर उचलतो, शत्रू टोपीवर गोळी झाडतो, नेमबाज मेल्याचे सोंग करून बंदूक खाली रस्त्यावर सोडून देतो, शत्रू निर्धास्त होऊन उभा राहतो आणि रिव्हॉल्व्हरच्या गोळीने टिपला जातो. यानंतरचा क्रम असा आहे. आधी आनंदाचा उद्गार. मग शत्रूचे शरीर कठड्यावरून खाली कोसळताना पाहून शहारा. मग लढाईची धुंदी ओसरते आणि पश्चात्ताप डसतो. घाम फुटतो, दात वाजतात, तो युद्धाला, स्वतःला आणि साऱ्यांनाच शिव्या देतो. मग तो हातातले रिव्हॉल्व्हर छतावर आपटतो, ते उडते, गोळी त्याच्याच डोक्याजवळून सूं करत जाते. त्या धक्क्याने मन ताळ्यावर येते, नसा स्थिर होतात आणि तो हसतो. मग व्हिस्कीचा घोट. मग कुतूहल: शत्रू नेमबाज चांगला होता, तो कोण असावा, सेनेत फूट पडण्याआधी आपल्याच कंपनीत होता की काय?

आनंद, शहारा, पश्चात्ताप, हसू, कुतूहल हे सारे छापील पानाच्या लहानशा तुकड्यात घडते. यातून ‘पश्चात्ताप’ एवढाच शब्द उचलणे म्हणजे ताप चढत-उतरत असलेल्या रोग्याचे एकदाच तापमान घेऊन निदान करणे होय. शिवाय निवेदकाने या पश्चात्तापाची कारणेही देऊन ठेवली आहेत: जखम, आणि उन्हाळ्याचा दिवसभर उपाशीपोटी दिलेला पहारा. तो अशक्त झाला आहे म्हणून त्याला किळस येते. मग हा नैतिक पश्चात्ताप की थकलेल्या शरीराची प्रतिक्रिया? कथा याचे उत्तर देत नाही, पण तो पश्चात्ताप एका योगायोगाने, स्वतःचाच जीव जाता जाता वाचल्याने संपतो, हे ती स्पष्ट दाखवते. मला या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी जागा तिचा प्रसिद्ध शेवट वाटत नाही. ते हसू वाटते.

दुसऱ्या कथेत भावना हत्येच्या आधी का येते

‘गेस्ट्स ऑफ द नेशन’साठी हेच तीन रकाने भरताना उलट अडचण येते. पहिला रकाना संपतच नाही. कथेचा मोठा भाग एका म्हातारीच्या घरात, दिव्याच्या उजेडात पत्ते खेळण्यात आणि वाद घालण्यात जातो. उंचापुरा, अबोल बेल्चर म्हातारीची लाकडे फोडतो, पाणी भरतो. लहानखुरा, बडबड्या हॉकिन्स बोनापार्टचा सोबती पहारेकरी नोबल याच्याशी देवाधर्मावरून आणि भांडवलशहांवरून हिरीरीने भांडतो. नोबलचा भाऊ पाद्री आहे, त्यामुळे त्या वादाला धार आहे. हे दोघे कैदी आहेत आणि आपण पहारेकरी, ही गोष्ट सर्वांच्याच मनातून जवळजवळ पुसली गेली आहे. पळून जाण्याचा विचार कैद्यांच्या मनात येत नाही आणि ते पळतील अशी धास्ती पहारेकऱ्यांना वाटत नाही.

म्हणून हे दोघे ओलीस आहेत असे डॉनव्हनकडून कळते तेव्हाच बोनापार्टच्या भावनेला सुरुवात होते. त्यांना हलवायचे आहे असे खोटे सांगून दलदलीकडे नेत असताना त्याच्या खिशात पिस्तूल आहे, आणि मनात एकच इच्छा आहे, की या दोघांनी झटापट करावी किंवा पळून तरी जावे. पळाले तर आपल्याच्याने गोळी झाडवणार नाही हे त्याला ठाऊक आहे. या वाक्यावर थांबावे. हत्येला त्याचा विरोध आहे का? आहे. तो विरोध कृतीत येतो का? नाही. तो दुसऱ्या कोणी तरी काही करावे याची वाट पाहतो. नेमबाजाला भावनेसाठी वेळ नाही. बोनापार्टपाशी वेळच वेळ आहे आणि त्या वेळात तो चालत राहतो. या दोन वाक्यांतला फरक हा तुलनेचा कणा होऊ शकतो.

हत्येच्या क्षणाच्या रकान्यात डोळ्यांची नोंद विशेष महत्त्वाची आहे. डॉनव्हन हॉकिन्सच्या मानेमागे पिस्तूल धरतो तेव्हा बोनापार्ट डोळे मिटून प्रार्थना करण्याचा प्रयत्न करतो आणि आवाज झाल्यावरच ते उघडतो. नेमबाजाचे सारे अस्तित्वच डोळ्यांत एकवटलेले असते. पाहणे आणि मारणे ही त्याच्यासाठी एकच क्रिया आहे. पुढे बेल्चर स्वतःच सांगतो, की हॉकिन्स पुरता मेलेला नाही, त्याला आणखी एक गोळी द्या. बोनापार्ट गुडघे टेकून ती झाडतो, आणि आपण काय करतो आहोत हे आपल्याला कळेनासे झाले होते, असे सांगतो. ही गोळी क्रूर आहे की दयेची? मरणाऱ्याचा मित्रच ती मागतो आहे. ‘मारण्याविषयीची भावना’ असा एकेरी प्रश्न येथे फुटतो, कारण हत्येत सामील होण्याची आणि वेदना थांबवण्याची भावना एकाच गोळीत येते. उत्तरात या जागेला निदान अर्धा परिच्छेद द्यावा.

ती गोळी ऐकून बेल्चर हसतो. त्याचे हसणे बोनापार्ट पहिल्यांदाच ऐकतो आणि त्याच्या अंगावर काटा येतो. दोन्ही कथांत गोळीच्या आवाजामागोमाग हसू आले आहे. एका कथेत हसतो तो मारणारा, दुसऱ्या कथेत पुढची गोळी ज्याच्यासाठी आहे तो. नेमबाजाचे हसू त्याला भानावर आणते, बेल्चरचे हसू ऐकणाऱ्याला भानावरून ढळवते. अशी समांतर जागा सापडली की दोन कथांबद्दल वेगवेगळे लिहिण्याची गरज राहत नाही. एकाच परिच्छेदात दोन्ही बोलू लागतात.

चेहरा आणि अंतर

समांतर जागा शोधण्याचा एक सोपा उपाय म्हणजे मारणाऱ्याला मरणाऱ्याविषयी काय माहीत आहे, हे प्रत्येक टप्प्यावर विचारणे. ‘द स्नायपर’मध्ये कोणालाच नाव नाही. मरणारे डोके आहे, शाल आहे, छतावरची आकृती आहे. मरणाऱ्याचा चेहरा दिसतो तो शेवटच्या वाक्यात, आणि तो भावाचा निघतो. ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’मध्ये दोघांची नावे, सवयी, बोलण्याच्या लकबी पहिल्या पानापासून माहीत आहेत, मरणाच्या काही क्षण आधी अबोल बेल्चर आपली बायको मुलाला घेऊन निघून गेली होती हेही सांगून टाकतो. आणि तेथेच त्याचा चेहरा झाकला जातो. स्वतःचा रुमाल लहान पडतो म्हणून तो बोनापार्टचा रुमाल मागून घेतो. एक कथा झाकलेल्या चेहऱ्यापासून उघड्या चेहऱ्याकडे जाते, दुसरी उघड्या चेहऱ्यापासून झाकलेल्याकडे. दोन्ही कथाकारांनी भावनेची किल्ली चेहऱ्यात ठेवली आहे, असे मी म्हणेन.

दोन्ही कथांत एक म्हातारी आहे, हेही सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. डब्लिनच्या रस्त्यावरची म्हातारी शत्रूला माहिती देते आणि मरते. तिच्याविषयी नेमबाजाला पुढे काहीच आठवत नाही. दलदलीजवळच्या घरातील म्हातारी मात्र परतलेल्या मुलांना कुजबुजत विचारते, की त्या दोघांचे तुम्ही काय केले. नोबल इतका दचकतो की हातातली काडी विझते. ती सांगते, की मी ऐकले. आणि दारातच गुडघे टेकून प्रार्थना करू लागते. नेमबाजाला जाब विचारणारे कोणी नाही. बोनापार्टच्या भावनेला या म्हातारीमुळे एक साक्षीदार मिळतो.

फक्त दोन नायक घेऊ नयेत

‘पात्रांच्या भावना’ असे प्रश्नात अनेकवचन असूनही विद्यार्थी प्रत्येक कथेतून एकेक पात्र उचलतात. ‘द स्नायपर’मध्ये ते चालते, कारण तेथे दुसरे मन उघडलेलेच नाही. ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’मध्ये असे केले तर अर्धी कथा हातची जाते. नोबलला हे कृत्य सर्वांत जास्त सलते, तरी खड्डा खणण्याचे काम तो करतो. म्हातारीपाठोपाठ तोही चुलीपाशी गुडघे टेकतो, म्हणजे त्याच्या दुःखाला निदान प्रार्थनेची वाट सापडते. बोनापार्ट त्या दोघांना तेथेच सोडून बाहेर पडतो. हॉकिन्सचीही भावना नोंदवावी: आपण तुमच्या बाजूला यायला तयार आहोत असे तो विनवतो, आपण असतो तर नोबलला कधीच मारले नसते असे सांगतो. ही जिवाच्या भीतीने केलेली विनवणी आहे, पण मैत्रीपेक्षा हुकूम मोठा का, हा प्रश्न कथेत सर्वांत स्पष्टपणे तोच विचारतो.

डॉनव्हनवर तर बहुतेक उत्तरांत अन्याय होतो. त्याला इंग्रज आवडत नाहीत, त्याने पत्त्यांच्या टेबलाशी मैत्री जोडलेली नाही, आणि गोळी तोच झाडतो. म्हणून त्याला खलनायक ठरवून लोक पुढे जातात. मग बेल्चरला गोळी घालण्याआधी, आम्ही फक्त आमचे कर्तव्य करतो आहोत हे तुला समजते ना, असे तो का विचारतो? ज्याला काहीच वाटत नाही तो मरणाऱ्याकडे समजूतदारपणा मागत नाही. बेल्चरचे उत्तर असे, की कर्तव्य म्हणजे काय हे मला कधी उमगले नाही, तुम्ही सगळे चांगली मुले आहात, माझी तक्रार नाही. ही क्षमा असह्य होऊन नोबल डॉनव्हनवर मूठ उगारतो आणि त्याच क्षणी डॉनव्हन गोळी झाडतो. ‘कर्तव्य’ हा शब्द येथे भावनेचा अभाव दाखवत नाही. भावना दाबून धरण्यासाठी तो हातात घेतलेला आधार आहे. नेमबाजाला असा कोणताही शब्द लागत नाही. तो स्वातंत्र्याचे, तहाचे, देशाचे नाव एकदाही काढत नाही. कारण देणे हीसुद्धा एक भावनिक खूण असते, आणि कारण न देणे हीदेखील.

निवेदक कोण, आणि तो किती काळाने बोलतो आहे

‘द स्नायपर’चे निवेदन तृतीयपुरुषी आहे. नेमबाजाला पश्चात्ताप झाला हे नेमबाज म्हणत नाही, निवेदक म्हणतो. त्यामुळे या कथेत निवेदकाने दिलेले नाव आणि शरीराने दिलेली खूण यांची वेगवेगळी नोंद करणे श्रेयस्कर. ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’ बोनापार्ट स्वतः, घटनेनंतर केव्हा तरी, आठवून सांगतो. त्याच्या तोंडी शेवटी भावनेचे ठळक नाव येतच नाही. नोबलला सारे काही दहापट मोठे दिसत होते, जगात त्या दलदलीच्या तुकड्याशिवाय काही उरले नव्हते. बोनापार्टला मात्र तो तुकडा, प्रार्थना करणारे ते दोघे, पक्षी, तारे, सारेच फार फार दूर गेल्यासारखे वाटले, आणि आपण बर्फात वाट चुकलेल्या पोरासारखे लहान आणि एकटे झालो असे वाटले. एकाच हत्येनंतर एका माणसाचे जग त्या जागेवर आकसते आणि दुसऱ्याचे त्या जागेपासून दूर सरकते. या दोन्ही वर्णनांवर ‘पश्चात्ताप’ अशी चिठ्ठी चिकटवली तर दोन मित्रांमधील फरक नाहीसा होतो, आणि ओ’कॉनर यांनी कथेचा शेवट ज्याच्यासाठी राखून ठेवला तोच हातून निसटतो.

‘द स्नायपर’च्या शेवटाशी याहून अधिक सावधपणे वागावे लागते. नेमबाज प्रेत उलटवतो, भावाचा चेहरा पाहतो आणि कथा संपते. त्यानंतर त्याला काय वाटले हे एका शब्दानेही सांगितलेले नाही. ‘भावाला पाहून तो कोसळला’, ‘आता तो आयुष्यभर स्वतःला क्षमा करणार नाही’ अशी वाक्ये वाचकाची आहेत, कथेची नाहीत. जे पात्र आधीच्या पानावर पश्चात्तापातून हसत बाहेर आले होते ते याही धक्क्यातून तसेच बाहेर येईल का, असा प्रश्न उत्तरात मांडता येतो, मांडावाही. पण रिकामा रकाना स्वतःच्या कल्पनेने भरू नये.

लेखकांच्या चरित्राचा मोह आवरावा, पण दोन तपशील उपयोगी पडतात. ओ’फ्लॅहर्टी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातील आयरिश गार्ड्समध्ये लढून जखमी झाले होते आणि यादवीत रिपब्लिकनांच्या बाजूला होते. त्यांची कथा जानेवारी १९२३ मध्ये, यादवी अजून चालू असतानाच छापून आली. ओ’कॉनर यांनीही तह नाकारणाऱ्यांची बाजू घेतली आणि तुरुंगवास भोगला. त्यांची कथा १९३१ साली, म्हणजे त्या युद्धानंतर सुमारे दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली. एका कथेत भावना क्षणांत मोजल्या जातात आणि दुसरीत उरलेल्या आयुष्यात, याचा लेखनकाळाशी संबंध जोडता येतो. मात्र तो शक्यता म्हणून जोडावा. ओ’कॉनर यांचे खरे नाव मायकेल ओ’डॉनव्हन होते. गोळी झाडणाऱ्या पात्राला लेखकाने जवळपास आपलेच आडनाव दिले, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही, तरी परीक्षेच्या उत्तरात ती एका वाक्यापेक्षा अधिक लांबवू नये.

लिहिताना

आधी एका कथेवर सगळे लिहून मग दुसरीवर सगळे लिहिणे ही मांडणी टाळावी, कारण तिच्यात तुलना शेवटच्या परिच्छेदावर ढकलली जाते. परिच्छेद प्रश्नांवर उभे करावेत: वेळ किती मिळाला, डोळे कोठे होते, कारण कोणी दिले, नंतर काय टिकले. सगळे प्रश्न सारख्या लांबीचे करण्याची गरज नाही; ‘नंतर काय टिकले’ याला इतरांच्या दुप्पट जागा लागेल आणि लागू द्यावी.

‘नेमबाजाला पश्चात्ताप झाला आणि बोनापार्टलाही फार वाईट वाटले’ हे वाक्य असे करता येईल: ‘नेमबाजाचा पश्चात्ताप शत्रूचे शरीर कोसळताना पाहून सुरू होतो आणि स्वतःच्या डोक्याजवळून गेलेल्या गोळीने संपतो, बोनापार्टची अस्वस्थता गोळी झाडण्याच्या खूप आधी सुरू होते आणि पुढे घडलेल्या कशाहीविषयी त्याला पूर्वीसारखे वाटले नाही, या त्याच्या शेवटच्या कबुलीपर्यंत संपत नाही.’ दुसऱ्या वाक्यात विशेषणे जवळजवळ नाहीत. आरंभ आणि अंत आहेत. मसुदा झाल्यावर त्यातील ‘निर्दय’, ‘हळवा’, ‘अमानुष’, ‘संवेदनशील’ या शब्दांखाली रेघ मारावी आणि प्रत्येकाच्या जागी संहितेतील एखादी हालचाल ठेवता येते का ते पाहावे. बहुतेक वेळा येते.

मराठीत उत्तर लिहायचे असेल तर इंग्रजी उतारे लांबलचक देऊ नयेत. घटना आपल्या शब्दांत नेमकी सांगावी आणि जेथे शब्दच निर्णायक आहे तेथेच तो उद्धृत करावा. ओ’कॉनर यांच्या कथेबाबत एक व्यावहारिक काळजी घ्यावी. त्यांनी ही कथा पुढे सुधारून पुन्हा छापली, त्यामुळे १९३१ च्या पाठात आणि नंतरच्या पाठात संवादांची शब्दयोजना जागोजागी बदललेली आढळते. वर्गात दोन वेगवेगळे संग्रह वापरात असतील तर चर्चेआधी सर्वांनी एकच पाठ ठरवून घ्यावा आणि उत्तराच्या पहिल्या परिच्छेदातच तो कोणता हे नमूद करावे. विशेषतः डॉनव्हन आणि बेल्चर यांच्यातील कर्तव्याविषयीचे बोलणे शब्दशः उद्धृत करायचे असेल तर.